किलिंग फ्लोअर २ : पोळ्यापासून आखाजीपर्यंत

पोळ्याच्या आठवड्यात सेल लागला होता, तेव्हा घेतलेली ही गेम, सोबत्यांबरोबर राक्षसांवर बंदुका चालवायची. आता आखाजी आली, बायको पोरांना घेऊन माहेरी गेली आणि गेमच्या लायब्ररीत माझ्या नावावर २४० तास दिसताहेत. एवढं खेळल्यावर चार ओळी लिहायचा हक्क पोचतो, असं धरून चालतो.

गेम जुनी आहे. ट्रिपवायर इंटरॅक्टिव्हने २०१५ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला (म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला) आणली, पूर्ण स्वरूपात नोव्हेंबर २०१६ मध्ये आली. २०२० च्या जुलैत एपिक या गेमच्या ऑनलाइन दुकानात आठवडाभर फुकट वाटली होती, तेव्हा आम्ही झोपलेलो. जुनी असल्याचा फायदा असा की माझ्या जीटीएक्स १६५० या ग्राफिक्स कार्डवर लोण्यासारखी चालते.

खेळणारे आम्ही चौघं. मी अमळनेरला, चुलतभाऊ धुळ्याला, शाळासोबती शहाद्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर (म्हणून तो नुसता ‘मास्तर’), आणि शालक पुण्यात. जेवणं आटोपली की साडेदहाला बसायचं. एका डावात सहा जण मावतात, पण सहा खान्देशी माणसं एका वेळी मोकळी सापडणं अवघड, लग्नसराईत तर विचारूच नका.

आमचा सगळा वेळ जातो सर्व्हायव्हल मोडमध्ये. ४, ७ किंवा १० वेव्ह, म्हणजे हल्ल्याच्या लाटा, निवडायच्या, प्रत्येक वेव्हला झेड नावाची सडकी पिलावळ अंगावर येते आणि सगळ्या संपल्या की बॉस, म्हणजे शेवटचा दांडगा शत्रू. दोन वेव्हच्या मध्ये ट्रेडर, म्हणजे दुकान, उघडतो, तिथे धावत जाऊन मिनिटभरात गोळ्या, चिलखत, नवी बंदूक घ्यायची. वेव्हमध्ये मेलात तर पुढच्या वेव्हला परत येता, पण बंदुका गेलेल्या असतात आणि खिसा जवळपास रिकामा. बॉसच्या वेळी मात्र मेला तो मेला, उरलेल्यांचा खेळ बघत बसायचं.

पहिले दोन महिने आम्ही बॉसपर्यंत पोचायचो आणि तिथे तीन मिनिटांत चौघंही आडवे. आम्हाला वाटायचं, नेम कच्चा आहे. शालक तर नवा माऊस घेऊन आला. फरक शून्य.

घोळ निघाला पैशात. या गेममधल्या पैशाला डोश म्हणतात आणि एक बटण दाबलं की तो सोबत्यापुढे फेकता येतो, एका दाबाला ५०. प्रत्येकाने आपला पर्क, म्हणजे लढायची भूमिका, निवडायची असते. मी कमांडो, बारीकसारीक झेड सगळे माझ्याच वाट्याला, त्यामुळे माझ्याकडे ढीग साचायचा. आणि मी तो जपून ठेवायचो, पुढच्या वेव्हला आणखी मोठी बंदूक घेईन म्हणून. तिकडे मास्तर दोनदा मरून आलेला, हातात नुसतं पिस्तूल. तशा अवस्थेत आम्ही बॉसपुढे उभे राहायचो. एका रात्री शालक वैतागून ओरडला, “दाजी, बँक उघडलीय का तुम्ही? फेका की पैसे!” बहिणीच्या संसाराबद्दलही त्याला काही सुचवायचं होतं की काय कोण जाणे, पण त्या दिवसापासून ट्रेडर उघडला की मी आधी मास्तरपुढे नोटा उधळतो, मग माझी खरेदी. त्याच आठवड्यात आम्ही पहिल्यांदा हान्स व्होल्टर हा बॉस पाडला.

दुसरी खोड मोडायला जास्त दिवस लागले. फ्लेशपाउंड नावाचा एक धिप्पाड प्रकार आहे, दोन्ही हातांत गरगर फिरणारी चक्की आणि छातीवर दिवा. दिवा पिवळा आहे तोवर तो रमतगमत येतो. लाल झाला की सरळ अंगावर धावतो आणि ज्याला गाठेल त्याचं पीठ. त्याला अर्धवट डिवचायचं नसतं. सगळे गोळ्या भरून तयार झाले की मग एकदम तुटून पडायचं. आणि आमचा धुळेकर काय करायचा? लांबून दिसला रे दिसला की पिस्तुलाने टुचटुच. दिवा लाल, आणि मग हाच माईकवर, “पय रे भो, उना तो!” (पळ रे भाऊ, आला तो!) स्क्रेक नावाच्या झेडचंही तसंच. करवत घेऊन शांतपणे चालत येतो, जखमी केलात की पिसाळतो. त्याच्या डोक्यावर नेम धरायला एकच माणूस ठेवा, बाकीच्यांनी हात बांधून राहा. हे हात बांधून राहणं बंदूक चालवण्यापेक्षा अवघड आहे.

सायरन नावाच्या झेडबद्दल एक सांगतो. ती किंचाळली की आपण फेकलेले बाँब हवेतच विरतात. एप्रिलपासून माझा कूलर सुरू झाला आणि त्याची घरघर माईकमधून जायला लागली. डाव चालू असताना तिघंही “सायरन कुठे आहे?” म्हणून गोल फिरत होते. ती सायरन माझ्या खिडकीत होती, वाळ्याच्या ताट्या लावून. आता बॉसच्या वेव्हला मी कूलर बंद करतो आणि ४४ अंशात घामाघूम होऊन खेळतो.

बॉस पाच आणि कोण येणार ते आधी कळत नाही. हान्स विषारी वायूचे बाँब टाकतो. मार खाल्ला की धूर सोडून, अंगाभोवती कवच चढवून कुणा एकाला धरतो आणि त्याच्या जिवावर आपली तब्येत सुधारून घेतो. तेव्हा पांगलात तर संपलात. किंग फ्लेशपाउंडच्या छातीतून किरण निघतो, समोर थांबायचं नाही एवढंच. अ‍ॅबॉमिनेशन म्हणजे ओकाऱ्या काढणारा डोंगर, आम्हाला तो कंटाळवाणा वाटतो. मेट्रिआर्क ही पॅट्रिआर्कची मुलगी, यंत्राचा सांगाडा घालून येते. तिच्यापुढे आमची हार-जीत अजून बरोबरीत नाही, आकडा सांगत नाही.

खरा बॉस पॅट्रिआर्कच. तो दिसेनासा होतो. दिसतो तेव्हा मिनीगन नाहीतर क्षेपणास्त्रं. रक्त कमी झालं की पळून जाऊन स्वतःला इंजेक्शन टोचतो, अशी तीन इंजेक्शनं त्याच्याकडे असतात. म्हणजे त्याला तीनदा हरवायचं आणि चौथ्यांदा मारायचं. मार्चमधली गोष्ट. हार्ड या पातळीवर सातवी वेव्ह संपली, पॅट्रिआर्क आला, दोन इंजेक्शनं संपली आणि आमच्या गल्लीतली लाईट गेली. इन्व्हर्टरवर राउटर चालतो, कॉम्प्युटर नाही. मी अंधारात फोन कानाला लावून बसलो. शालक गेला. मग धुळेकर गेला, जाताना मास्तरला सांगून गेला की तिसरं टोचून झालं. त्यानंतर फोनवर फक्त मास्तरच्या शॉटगनचा आवाज आणि त्याचं मोजणं. तो गोळ्या मोठ्याने मोजतो, वर्गात पाढे घेतल्यासारखं. “सहा… सात… भरतो… थांब…” मग एकदम शांत. मी दोनदा “काय व्हयनं?” विचारलं. उत्तर आलं, “पडला. दार वेल्ड करून ठेवलं होतं, तिकडून त्याला यायला वेळ लागला.” दारं वेल्ड करण्यावरून सहा महिने आम्ही त्याची टिंगल केली होती.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. प्रत्येक पर्क २५ लेव्हलपर्यंत चढवायचा, दर पाचला एक नवं कौशल्य, आणि वरच्या लेव्हल फार सावकाश येतात. शेतीची कामं लागली की धुळेकर महिनाभर मागे पडतो. मेडिकला औषध टोचून, सपोर्टला वेल्डिंग करूनही गुण मिळतात, ही मात्र चांगली सोय. एकट्याने खेळायला घेत असाल तर नका घेऊ, दहाव्या डावाला जांभया येतील. अनोळखी लोकांत शिरलात तर बरेचदा पिंग (म्हणजे नेटचा उशीर) दीडशेच्या वर जातो आणि सुइसायडल या अवघड पातळीवर तेवढ्यात जीव जातो. त्याहून वरच्या हेल ऑन अर्थ पातळीला आम्ही एकदाच गेलो, तिसऱ्या वेव्हला परत आलो. आणि रक्त, तुटलेले हातपाय पडदाभर असतात, तेव्हा घरात लहान पोरं जागी असतील तर लावू नका. माझ्या पाच वर्षांच्या मुलीने एकदा मागून बघितलं आणि दोन दिवस “तो केळी खाणारा राक्षस” म्हणून विचारत होती. केळी कुठून आली माहीत नाही, आजोळ रावेरचं आहे म्हणून असेल.

सेलमध्ये मिळाली आणि तीन जण पक्के असतील तर घ्याच. हे लिहिता लिहिता धुळेकराचा मेसेज आलाय : “ये आते, तीनच जन शेतस. कूलर बंद करीसन ये.”