दातांच्या चेकअपमधली तोंडाच्या कॅन्सरची तपासणी : पाचपैकी साडेचार, अर्धा स्टार त्या निळ्या लाइटचा कापला

स्केलिंग (दातांची सफाई) छान झालं, सोफा मऊ आहे, एसी जरा जास्तच गार, रिसेप्शनवरची मुलगी हसून बोलते. हे झालं बाकीच्यांसाठी. मला लिहायचंय ते स्केलिंगच्या आधीच्या चार-पाच मिनिटांबद्दल, कारण एवढी वर्षं डेंटिस्टकडे जातोय पण माझ्या तोंडाची अशी तपासणी आधी कुणीच केली नव्हती. आधीचं क्लिनिक (नाव घेत नाही) म्हणजे आरसा घातला, किडलेल्या दाढा मोजल्या, एक्सरे काढला, बिल. जीभ, गाल, टाळू ह्या गोष्टी जणू तोंडात नसतातच.

इथे डॉक्टर मॅडमनी आधी प्रश्न विचारले. तंबाखू, सिगरेट, दारू, सुपारी हे तर विचारलंच, पण तोंडात एखादी जखम बरेच दिवस भरत नाहीये का, गिळताना अडकतं का, आवाज बसलाय का, कानात उगाच दुखतं का, हे पण. मी म्हटलं मॅडम मी दाढ दाखवायला आलोय. त्या म्हणाल्या, दाढ कुठे पळून जात नाही, आधी हे बघू. मग माझ्या मागे उभ्या राहून जबड्याखाली, कानामागे, मानेवर खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत दोन्ही हातांनी चाचपलं, गाठी लागतात का ते बघायला. मग ओठ उलटे करून, गाल आरशाने ताणून, हिरड्यांच्या मागे अक्कलदाढेच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत बघितलं.

आणि मग जीभ. आपल्याला वाटतं जीभ बाहेर काढली की दिसली, पण तसं नाहीये. त्यांनी गॉजच्या (जखमेला लावतात त्या जाळीदार कापडाच्या) तुकड्यात जिभेचं टोक धरलं, कारण नुसत्या बोटांत ती सटकते, आणि आधी उजवीकडे मग डावीकडे चांगली ओढून धरली, मी आपला डोळे मोठे करून छताकडे बघतोय. का ओढायची ते पण सांगितलं. जिभेची कड आणि त्यातही मागचा भाग, आणि जिभेखालची जागा, ही कॅन्सर सुरू व्हायची नेहमीची ठिकाणं, आणि जीभ ओढल्याशिवाय ती मागची कड दिसतच नाही. जिभेखाली एक बोट आत आणि दुसरा हात हनुवटीखाली बाहेरून असं दाबून बघितलं, कारण काही गाठी दिसत नाहीत, हाताला लागतात. शेवटी टाळू, घसा, "आ करा". रक्त नाही, सुई नाही, जीभ थोडी ताणल्यासारखी वाटते आणि एकदा उलटीसारखं झालं, बास.

माझ्यामते डेंटिस्ट चांगला की नाही हे ओळखायची सोपी खूण हीच, तुमची जीभ गॉजने धरून ओढली का? नसेल तर तुम्ही स्वतः म्हणा, डॉक्टर जरा जीभ आणि गाल पण बघा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता हे एवढं का लिहितोय. 2020 साली जगभरात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे पावणेचार लाखांच्या वर नवे पेशंट सापडले आणि पावणेदोन लाखांच्या वर माणसं त्याने गेली. आणि बाकीचे कॅन्सर पोटात-छातीत लपून बसतात, ह्याला तर नुसतं तोंड उघडलं की बघता येतं, मशीन लागत नाही, तरी बरेच लोक उशिरा पोचतात. कारण सुरुवातीला दुखत नाही. माझा मेव्हणा तंबाखू खातो, त्याचं ठरलेलं वाक्य आहे "मला काही त्रास नाही रे". अरे बाबा त्रास नाही म्हणूनच तर दाखवायचं! दुखायला लागतं, दात हलायला लागतात, मानेत गाठ येते तोवर बरंच पुढे गेलेलं असू शकतं. अमेरिकेतली आकडेवारी बघितली तर तोंडाचा-घशाचा कॅन्सर जागच्या जागी असताना सापडला तर पाच वर्षांनी जिवंत असणारे 80 टक्क्यांच्या वर, लांब पसरल्यावर सापडला तर 40 च्या आसपास.

बघतात काय तर पांढरा चट्टा जो खरवडून निघत नाही, आणि लाल मखमली चट्टा. मला वाटायचं पांढरा जास्त वाईट, पण मॅडम म्हणाल्या उलट आहे, लाल चट्टा कमी लोकांत दिसतो पण दिसला तर जास्त घाबरायचं. तिसरं म्हणजे तोंड कमी उघडणं. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तीन बोटं उभी दातांमधे जात नसतील तर दाखवून घ्या. आणि "मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी" म्हणणाऱ्यांनी ऐका, डब्ल्यूएचओच्या आयएआरसी नावाच्या संस्थेने 2004 सालीच नुसत्या सुपारीला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय. तंबाखू आणि दारू दोन्ही असेल तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून बराच जास्त वाढतो.

माझं तोंड साफ निघालं. पण बरोबर आई होती, तिची कवळी सैल झालीय म्हणून. मॅडम म्हणाल्या, "काकू, कवळी काढून ह्या वाटीत ठेवा." आई काढेना! चारचौघात कवळी काढायची तिला भयंकर लाज, मला बाहेर जायला सांगितलं, मग काढली. आणि कवळीच्या कडेखाली खालच्या हिरडीला लागून एक जखम निघाली जी तिने आम्हाला कुणाला सांगितलीच नव्हती. पोटात गोळा आला हो. मॅडमनी काय केलं ते मला आवडलं, ना घाबरवलं ना "काही नाही" म्हणून सोडून दिलं. प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) जखम किती मिलिमीटर ते मोजलं, फोटो काढला, फाइलमधे कुठल्या बाजूला ते लिहिलं, कवळीची टोचणारी कड घासून दिली आणि म्हणाल्या दोन आठवड्यांनी परत या, कवळीमुळे झाली असेल तर तोवर भरायला पाहिजे, नाही भरली तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. दोन आठवड्यांनी गेलो, भरली होती. तर हाच साधा नियम आहे, कारण काढून टाकायचं, दोन आठवडे वाट बघायची, आणि तरी राहिली तर मलम-गोळ्या बदलत बसायचं नाही, तपासायचं. तोंड तर आपल्या सगळ्यांचंच येतं, पण ते भरतं. ज्यांना कवळी आहे आणि एकही दात नाही ते तर डेंटिस्टकडे जाणंच सोडतात, "दातच नाहीत तर कशाला". त्यांनी मुद्दाम जावं.

आता तक्रार. मॅडमची तपासणी संपल्यावर दुसरा एक जण आला, निळा लाइट घेऊन, "ॲडव्हान्स स्क्रीनिंग पॅकेज". निळ्या लाइटमधे चांगली कातडी हिरवट चमकते आणि बिघडलेली जागा काळपट दिसते म्हणे. ऐकायला भारी. पण साधी सूज असली, गाल चावला गेला असला, तरी काळपट दिसतं, मग उगाच टेन्शन आणि पुढच्या तपासण्या. अमेरिकेच्या डेंटल असोसिएशनच्या 2017 च्या गाइडलाइनमधे पण असल्या लाइटवर किंवा चट्ट्याला लावायच्या निळ्या रंगावर निकाल लावू नका असंच आहे, संशय असेल तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. मी नको म्हटलं, तर तो रिसेप्शनपर्यंत मागे आला. अर्धा स्टार इथे गेला.

आणि खरं सांगायचं तर हाताने केलेल्या तपासणीबद्दल पण सगळं ठरलेलं नाहीये. अमेरिकेच्या एका सरकारी तज्ज्ञ गटाने 2013 मधे म्हटलं की काहीही लक्षण नसलेल्या सगळ्यांची तपासणी करावी की नको हे सांगायला पुरावा पुरेसा नाही. दुसऱ्या बाजूला केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून मोठा अभ्यास झाला, ट्रेनिंग दिलेले आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन नुसतं तोंड बघायचे, त्याचे आकडे 2005 ला लॅन्सेट ह्या मेडिकल नियतकालिकात आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधे तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी. पण ज्यांना कुठलीच सवय नाही त्यांच्यात फायदा दिसला नाही. म्हणजे सवय असलेल्यांनी तर सोडूच नये. माझ्यासारख्या सवय नसलेल्याने मुद्दाम वेगळी अपॉइंटमेंट घ्यायची गरज नाही, पण खुर्चीत तोंड उघडून बसलोच आहे तर बघायला काय जातं?

अजून एक, ह्या तपासणीत सगळं दिसत नाही. एचपीव्ही व्हायरसमुळे होणारा कॅन्सर बहुतेक टॉन्सिलमधे नाहीतर जिभेच्या अगदी मुळाशी असतो, तिथे डेंटिस्टची नजर नीट पोचत नाही, म्हणून मान चाचपणं महत्त्वाचं, आणि मानेत गाठ लागली किंवा घशात सतत काहीतरी वाटत असेल तर ईएनटीवाल्याकडे जा.

छोटी कुरकुर, रिपोर्टमधे माझ्या तपासणीचा एका ओळीचा पण उल्लेख नव्हता. मागितल्यावर लिहून दिला. तुम्ही पण मागा, पुढच्या वेळी काही दिसलं तर आधी होतं की नव्हतं हे कळतं. सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या, संध्याकाळी मॅडमना फार घाई असते.

मेव्हण्याची पण वेळ घेतलीय. तो म्हणतो फक्त दाढ दाखवायला येतो, बाकी काही नाही. मी हो म्हटलंय, जीभ मॅडम बघून घेतील.