लहान काडतूस, पण कोणत्या पिस्तुलात? .२२, .२५, .३२ आणि .३८० यांचे परीक्षण

लहान कॅलिबरचे, म्हणजे लहान मापाच्या काडतुसाचे, पिस्तूल घ्यावे असे ठरवणारा नेमबाज बहुधा एकाच गोष्टीला कंटाळलेला असतो, आणि ती म्हणजे धक्का. ९ मिलिमीटरचे पिस्तूल हातात उसळते, मनगट दुखते, दुसरी गोळी भलतीकडे जाते. तेव्हा काडतूस लहान घेतले की धक्काही लहान होईल, असा त्याचा सरळ हिशेब असतो. मीही हाच हिशेब करून पहिल्यांदा .३८० कॅलिबरचे, खिशात मावणारे पिस्तूल हाती घेतले होते. पहिले मॅगझिन संपेपर्यंत स्लाइडच्या, म्हणजे गोळी सुटताच मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या कडेने अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातले कातडे दोन ठिकाणी सोलले होते, आणि त्यानंतर शेजारच्या टेबलावरचे मोठे ९ मिलिमीटरचे पिस्तूल चालवून पाहिले, तेव्हा ते हाताला चक्क मऊ लागले. पुढे काही वर्षे ही चारही लहान काडतुसे मी निरनिराळ्या बांधणीच्या पिस्तुलांतून चालवली, त्यातून जे मत बनले ते येथे मांडतो आहे. काडतुसाचे गुणदोष त्याच्या पिस्तुलापासून वेगळे काढून सांगता येत नाहीत, एवढे आधीच नोंदवून ठेवतो.

वरचा उलटा वाटणारा अनुभव कागदावर मांडून पाहता येतो. .३८० ची ९५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ६.२ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला साधारण २९० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. ९ मिलिमीटर लुगरची ११५ ग्रेनची, सुमारे ७.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला तर ९ मिलिमीटरचा संवेग .३८० च्या जवळजवळ दीडपट येतो. मात्र रुगर एलसीपीसारखे खिशातले .३८० पिस्तूल रिकामे असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, आणि ग्लॉक १९ सारखे मध्यम पिस्तूल सहाशे ग्रॅमच्या. संवेगाला वजनाने भागले की हलके पिस्तूल सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने हातात मागे येते, आणि जड पिस्तूल साडेचार मीटरच्याही थोडे आत. जळलेल्या दारूच्या वायूचा हिस्सा या आकडेमोडीत धरलेला नाही, तो धरला तरी तुलना बदलत नाही. दुकानात काडतुसाचा आकार पाहून पिस्तूल निवडणारा माणूस या भागाकारातील खालचा आकडा विसरतो.

आता मनोरंजनासाठीच्या नेमबाजीचा विचार केला, तर बोलताना सगळे ज्याला ‘पॉइंट टू टू’ म्हणतात त्या .२२ लाँग रायफलला मी निःसंकोच पहिला क्रमांक देतो. १८८७ पासून वापरात असलेल्या या काडतुसात ४० ग्रेनची, म्हणजे अवघी २.६ ग्रॅमची गोळी असते आणि पिस्तुलाच्या नळीतून ती सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास जाते. हेच काडतूस रुगर मार्क फोरसारख्या सुमारे एक किलो वजनाच्या टार्गेट पिस्तुलातून उडवले की पिस्तूल मागे येण्याचा वेग सेकंदाला एक मीटरही भरत नाही. नेम धरण्याची पुढची साइट जेमतेम तिच्या उंचीइतकी वर जाते आणि आपोआप मागच्या खाचेत परतते. चाप सुटताना ती नेमकी कोठे होती हे डोळ्यांना दिसत राहते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठा लाभ नाही, कारण चूक कोणत्या क्षणी झाली हे त्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. ऑलिंपिकमधील महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत आणि पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर स्पर्धेत हेच काडतूस चालते. प्रिसिजनच्या टप्प्यात २५ मीटरवर दहाच्या वर्तुळाचा व्यास केवळ ५ सेंटिमीटर असतो, आणि रॅपिड फायरमधील सर्वांत कठीण मालिकेत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या चार सेकंदांत सोडायच्या असतात. इतक्या बारीक आणि इतक्या वेगवान कामाला पुरणाऱ्या काडतुसाला खेळणे म्हणण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही.

त्याचा दोष वेगळा आहे, आणि तो ताकदीचा नाही. .२२ हे रिमफायर काडतूस असल्याने पेट घेणारे मिश्रण तळाच्या मध्यावरच्या वेगळ्या प्रायमरमध्ये नसते, ते पुंगळीच्या दुमडलेल्या काठात फिरवून पसरवलेले असते. हा काठ सर्वत्र सारखा भरला गेला नाही आणि फायरिंग पिन नेमकी रिकाम्या जागी आपटली, तर काडतूस उडत नाही. असे झाले की नळी लक्ष्याच्या दिशेने तशीच रोखून तीस सेकंद थांबायचे, कारण क्वचित दारू उशिरा पेटते, आणि मगच ते बाहेर काढायचे. हातात घेऊन पाहिले तर काठावर पिनेची स्वच्छ खूण उमटलेली दिसते, म्हणजे पिस्तुलाने आपले काम चोख केलेले असते. तेच काडतूस थोडे फिरवून पुन्हा भरले, तर पुष्कळदा पहिल्याच चापाला उडते. सरावात मला हा दोष उपयोगीसुद्धा पडला आहे. काडतूस उडत नाही त्या क्षणी धक्का नसतो, आवाज नसतो, आणि तरीही पिस्तुलाचे तोंड एकदम खाली झुकलेले दिसले, तर ती झुक हाताची असते. धक्क्याच्या भीतीने नेमबाज चापाबरोबर पिस्तूलही दाबत असतो. मोठ्या कॅलिबरच्या गोंगाटात वर्षानुवर्षे लपून राहिलेली माझी ही खोड अशाच एका न उडालेल्या काडतुसाने मला दाखवली.

स्वसंरक्षणात मात्र हाच दोष अक्षम्य ठरतो. तीस सेकंद थांबण्याची मुभा तेथे नसते. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड ओढून न उडालेले काडतूस बाहेर फेकता येते, पण बेरेटा २१ए सारख्या वर उघडणाऱ्या नळीच्या छोट्या पिस्तुलात पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरच नसतो. पुंगळी वायूच्या दाबानेच मागे येते. त्यात काडतूस उडाले नाही, तर नळी उघडून ते बोटाने काढावे लागते. ज्यांच्या हातात स्लाइड ओढण्याची शक्ती राहिलेली नाही त्यांच्यासाठी ही उघडणारी नळी वरदान आहे, कारण पहिले काडतूस सरळ नळीत ठेवून ती मिटवता येते. त्या वरदानाची ही किंमत ठाऊक असावी. रिमफायरच वापरायचे असेल तर माझ्या मते रिव्हॉल्व्हर बरे. चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस समोर येते, न उडालेले आपल्या जागी राहते.

नेमकी ही अडचण दूर करावी म्हणून अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी १९०५ मध्ये .२५ एसीपी आणले, असे त्याच्या रचनेवरून दिसते. ते सेंटरफायर आहे, म्हणजे पेट घेणारा प्रायमर तळाच्या मध्यावर असतो, म्हणून त्याची खात्री अधिक आहे. ५० ग्रेनची गोळी सेकंदाला २३० मीटरच्या आसपास जाते आणि तिची ऊर्जा नव्वद ज्यूललाही पोचत नाही, काडतुसे.२२ हून महाग, पिस्तुले चिमुकली, साइट जवळजवळ नावाला. सरावाचा आनंद यात नाही आणि ताकदही नाही. ज्यांना वारसाने जुने पिस्तूल मिळाले असेल त्यांनी ते जपून ठेवावे; नव्याने घेण्याचे कारण मला सापडत नाही.

.३२ एसीपीबद्दल मात्र सावकाश लिहायला हवे, कारण या चारांत सर्वांत अधिक गैरसमज त्याच्याविषयी आहेत आणि मला सर्वांत अधिक जिव्हाळाही त्याच्याविषयीच आहे. हेही ब्राउनिंग यांचेच, १८९९ चे, बेल्जियमच्या एफएन कारखान्याच्या पिस्तुलासाठी तयार केलेले. ७१ ग्रेनची, ४.६ ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेग आणि पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा. युरोपातील अनेक पोलीस दलांनी विसाव्या शतकाचा मोठा काळ याच काडतुसावर काढला, आणि वॉल्थर पीपीसारखी पिस्तुले ७.६५ मिलिमीटर या त्याच्या युरोपीय नावानेच प्रसिद्ध झाली. सहाशे ग्रॅमच्या आगेमागे वजनाच्या पोलादी पिस्तुलातून ते चालवले, तर धक्का म्हणजे तळहातावर कोणी बोटांनी टप्पल मारावी तेवढाच वाटतो. .३८० च्या मानाने त्याचा संवेग सुमारे सत्तर टक्के आहे, आणि मधले अंतर हाताला कागदावरच्या आकड्यापेक्षा बरेच मोठे जाणवते. दहा मीटरवर पाच गोळ्या घाईने सोडल्या तरी माझ्या कागदावरची भोके तळहाताखाली झाकली जातात, खिशातल्या.३८० ने मला हे कधी साधलेले नाही.

या काडतुसाची एक खोड मॅगझिन भरतानाच सांभाळावी लागते. त्याच्या तळाचा काठ पुंगळीच्या अंगापेक्षा किंचित बाहेर आलेला असतो. वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठामागे अडकला, तर स्लाइड कितीही ओढली तरी काडतूस पुढे सरकत नाही आणि मॅगझिन बाहेर काढून ते सोडवावे लागते. पोकळ टोकाच्या गोळीचे काडतूस लांबीला आखूड असल्याने मॅगझिनमध्ये मागेपुढे हलायला जागा मिळते आणि हा प्रकार तेथे अधिक होतो. म्हणून प्रत्येक काडतूस भरताना त्याचा काठ खालच्या काठाच्या पुढे बसला आहे ना, हे अंगठ्याने चाचपून पाहावे, आणि पूर्ण लांबीची, सबंध तांब्याच्या आवरणाची गोळी वापरावी. ही सवय लागल्यापासून मला तो अडथळा पुन्हा आलेला नाही.

आवरणाच्या गोळीचा आग्रह आणखी एका कारणाने आहे. १९८६ मध्ये मायामी येथे झालेल्या चकमकीत दोन अधिकारी गमावल्यानंतर अमेरिकेच्या एफबीआयने काडतुसांची परीक्षा घेण्याची पद्धत बदलली. त्या पद्धतीत दहा टक्क्यांच्या जिलेटिनमध्ये गोळीने किमान १२ आणि कमाल १८ इंच खोल जावे, अशी अपेक्षा असते. मोठ्या काडतुसात गोळी आत शिरताना टोकाकडे पसरते, म्हणजे फुलते, आणि खोलही जाते. लहान काडतुसात मुळात ऊर्जा थोडी, त्यामुळे गोळी फुलली तर ती अलीकडेच थांबण्याचा धोका असतो, आणि खोल गेली तर बहुधा फुललेली नसते. दोहोंपैकी एक निवडायचे असेल, तर खोली निवडावी. समोरचा माणूस गोळीच्या धक्क्याने मागे फेकला जातो ही पडद्यावरची करामत आहे. गोळीने जेवढे ढकलले असते तेवढेच पिस्तुलाने चालवणाऱ्याच्या हातालाही ढकललेले असते. तेव्हा लहान कॅलिबरमध्ये नेम हाच सर्वस्व ठरतो, आणि नेम ज्या काडतुसाने टिकतो ते घेणे मला शहाणपणाचे वाटते. आवरणाची गोळी आरपार जाऊ शकते, म्हणून लक्ष्याच्या मागे काय आहे याचे भान तिच्याबाबत अधिकच ठेवावे लागते.

.३८० एसीपी १९०८ चे, पुन्हा ब्राउनिंग यांचेच. संरक्षणासाठी लहान कॅलिबरची खालची मर्यादा म्हणून बहुतेक जाणकार याचे नाव घेतात, आणि अडीचशे ज्यूलच्या वर जाणारी त्याची ऊर्जा पाहता ते रास्त आहे. मात्र येथे बांधणी पाहिल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाऊ नये. जुन्या पद्धतीच्या .३८० पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवलेली नसतात. दाब उतरेपर्यंत पुंगळीला जागेवर धरण्याचे सारे काम स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवरच पडते. साहजिकच स्प्रिंग राठ असते, स्लाइड ओढताना बोटे घसरतात आणि झटका एकदम, टोकदार लागतो. ग्लॉक ४२ मध्ये किंवा स्मिथ अँड वेसनच्या .३८० शील्ड ईझेडमध्ये नळी क्षणभर स्लाइडला अडकून राहते, त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता येते. यांपैकी दुसरे पिस्तूल पाचशे ग्रॅमहून थोडे जड आहे आणि कमजोर हातांचा विचार करूनच काढलेले आहे. आमच्या रेंजवर येणाऱ्या, संधिवाताने बोटे वाकलेल्या एका ज्येष्ठ बाईंना तीन वेगवेगळ्या पिस्तुलांची स्लाइड अर्धीसुद्धा ओढता आली नव्हती, अशा बांधणीचे.३८० त्यांनी पहिल्याच प्रयत्नात पूर्ण ओढले आणि मागे वळून, ‘हे आधी का नाही दिलंत?’ असे शिक्षकांनाच विचारले.

रिव्हॉल्व्हर पसंत असणाऱ्यांनी .३२ च्या लांब पुंगळ्यांचा विचार अवश्य करावा. जेथे रिव्हॉल्व्हरच्या .३८ स्पेशलची पाच काडतुसे मावतात, तेथे .३२ ची सहा मावतात. .३२७ फेडरल मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर .३२ एच अँड आर मॅग्नम आणि १८९६ चे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हीसुद्धा चालतात, म्हणजे सरावाला मऊ आणि कामाला कडक काडतूस एकाच शस्त्रात. यांपैकी शेवटचे, सपाट तोंडाच्या गोळीसह, २५ मीटर सेंटरफायर स्पर्धांत आजही आवडीने वापरले जाते. कागदावर ते पंचिंग मशिनने पाडल्यासारखे स्वच्छ भोक पाडते आणि गुण मोजताना वाद उरत नाही.

काडतूस लहान म्हणून आवाज लहान, असे मात्र कोणी समजू नये. आखूड नळीतून उडालेले .२२ सुद्धा कानाला इजा होण्याची १४० डेसिबलची मर्यादा ओलांडते. .२२ ची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते, म्हणून सरावानंतर खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. जुन्या .२२ मध्ये रिकामा चाप ओढत बसू नये. पिन नळीच्या काठावर आपटून तेथे खड्डा पडू शकतो.

सध्या माझ्या सरावाच्या दिवसाचा मोठा भाग .२२ च्या जड टार्गेट पिस्तुलावर जातो आणि शेवटची दोन मॅगझिने .३२ ची असतात. नव्याने घेणाऱ्याने रेंजवर एकच .३८० काडतूस आधी खिशातल्या पिस्तुलातून आणि लगेच शील्ड ईझेडसारख्या जड, अडकणाऱ्या नळीच्या पिस्तुलातून प्रत्येकी दहा वेळा चालवून पाहावे, आणि अकराव्यांदा कोणते उचलावेसे वाटते ते आपल्या हातालाच विचारावे. माझ्या हाताने ते खिशातले पिस्तूल पुन्हा उचललेले नाही.