तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, रात्रीची कॅज्युअल्टी: ५ पैकी ४ स्टार

रिव्ह्यू लंबा झाला आहे, पण ज्याच्या घरी शुगरचं माणूस आहे त्यानं पूर्ण वाचा. यवतमाळ जिल्ह्यातलं आमच्या तालुक्याचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, तिथली रात्रीची सेवा आणि तिथून पुढं १०८ ची गाडी, याबद्दल लिहून राहिलो. आमच्या पेशंटला सेप्सिस झालं होतं, म्हणजे जंतुदोषापायी शरीराचेच अवयव बिघडतात ते दुखणं. सरकारी दवाखान्याला लोक बाहेरूनच एक स्टार देऊन मोकळे होतात. मी ४ देतो आणि ते का हे नीट सांगतो.

पेशंट म्हणजे माझी मोठी माय, साठीच्या पुढची, कितीक वर्षांपासून शुगर. पराटीत निंदताना पायात काटा रुतला, तिनं हळद लावली अन् कामाला लागली, कारण शुगरवाल्यांच्या पायाला पुष्कळदा दुखणं कळतच नाही ना, जखम आतून सडते तरी माणूस चालत राहते. मग पाय सुजला, घोट्याच्या वरपर्यंत लाल झाला, हुडहुडी भरून ताप आला. जवळच्या एका डॉक्टरनं सुई दिली, एक सलाईन लावली, ताप उतरला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण संध्याकाळपासून ती काहीबाही बोलाले लागली, वारलेल्या आजीला हाका मारून राहिली होती, हातपाय थंडगार, अंगाला चिकट घाम, अन् सकाळपासून लघवीलाच गेली नव्हती. शेजारच्या काकू म्हणे वारं लागलं, उतारा काढा. चुलतभावानं उताऱ्याची वाट न पाहता गाडी काढली.

आता मुद्दा. दवाखान्यात मी सिस्टरला सांगून राहिलो होतो की ताप होता पण आता नाही, दुपारपासून अंग थंड आहे, म्हणजे उतरणीलाच आहे. सिस्टर माझं ऐकत होत्या पण त्यांची नजर माईच्या छातीवर. हातातलं घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ३०. मग म्हणाल्या, "काकू, नाव सांगा बरं तुमचं. गाव कोणतं?" माईनं भलतंच सांगितलं. बोटाचं नख दाबून सोडलं तर पांढरं झालेलं नख परत लाल व्हाले वेळ लागून राहिला होता. गुडघ्याजवळ चामडी जांभळट चट्ट्याची. तोपर्यंत बीपीचा पट्टा बांधून झाला, वरचं ८४. नाडी १२८. थर्मामीटरमध्ये ९७, म्हणजे तापाचा पत्ताच नाही. केसपेपर अजून खिडकीवर बनून राहिला होता अन् सिस्टरनं डॉक्टर मॅडमला आवाज दिला, "मॅडम, सेप्सिस वाटते, शॉकमध्ये आहे." शॉक म्हणजे बीपी पडून अवयवांना रक्त पुरत नाही ते.

हा आवाज द्यायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ बऱ्याच मोठमोठ्या ठिकाणी फॉर्म भराले लागते. चार स्टार इथंच मिळाले माझ्याकडून.

मॅडम तरुण होत्या, पण विचारायची पद्धत एकदम आपल्या भागाची. पहिला प्रश्न, "फवारणी केली काय दोन-तीन दिवसांत?" यवतमाळात २०१७ मध्ये कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले त्याच्यानंतर घाम, बडबड, धाप असं काही दिसलं की इथले डॉक्टर हे विचारतातच. मग डोळ्याच्या बाहुल्या पाहिल्या, काखेत अन् जांघेत टॉर्च मारून काळी खपली आहे काय पाहिलं, कारण पावसाळ्यात गवतातल्या बारीक किड्यामुळं स्क्रब टायफस नावाचा ताप येते, २०१८ मध्ये नागपूरकडं त्याची साथ आली होती, आणि त्याचं औषध वेगळं, डॉक्सीसायक्लिन. ते नव्हतं. मग पायाची पट्टी सोडली अन् वासानंच समजलं सगळ्यांना.

मॅडमनी सलाईन लावता लावता चुलतभावाला समजावून सांगितलं. शेतकरी आहे म्हणून त्याला समजेल असं. जंतू पायात आहेत, पण खरा घोळ जंतूपेक्षा शरीराचा आहे. जंतूशी लढाले जी रसायनं रक्तात सुटतात ती गरजेपेक्षा जास्त सुटली आणि आपल्याच अवयवांना बाधून राहिली. रक्ताच्या नळ्या ढिल्या होतात, पाझरतात. ठिबकची मोटर चालू आहे, पण नळी फुगली अन् जागोजागी फुटली, तर शेवटच्या झाडाला प्रेशरच पोचत नाही, तसं. मग हृदय जास्त जोरात पळते म्हणून नाडी वाढते. पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, रक्तात आम्ल साठते, ते बाहेर टाकाले फुफ्फुस भराभर श्वास घेते. मेंदूला कमी पडलं की बडबड, किडनीला कमी पडलं की लघवी बंद. बारक्या नसांमध्ये बारक्या गाठी पण होतात म्हणे. म्हणजे घरच्यांना जे पाच वेगवेगळे त्रास वाटून राहिले होते, वारं, अशक्तपणा, धाप, थंडी, लघवी, ते सगळं एकच होतं.

आणि ताप? त्या म्हणाल्या की म्हाताऱ्या माणसात, शुगरवाल्यात ताप नसू शकते, उलट अंग थंड पडणं जास्त वाईट. हे वाक्य मला गावागावात लाऊडस्पीकरवर सांगावंसं वाटते, कारण आपल्याकडं ताप उतरला की सगळं संपलं असंच धरतात.

मिनिटाला श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि माणूस नेहमीसारखं बोलत नाही, या तिनातले दोन दिसले की डॉक्टर लोक सावध होतात, त्याला क्यूसोफा म्हणतात. पण मॅडमनी हेही सांगितलं की एवढ्यावरच विसंबून राहायचं नसते, सुरुवातीला हे तिन्ही नसले तरी सेप्सिस असू शकते, म्हणून पेशंट परत परत पाहावा लागते. त्यांनी पाहिलं पण. दर थोड्या वेळानं सिस्टर येऊन बीपी, श्वास, लघवीची पिशवी.

उपचार म्हणाल तर ऑक्सिजन, दोन्ही हाताला मोठ्या सुया, धारेनं सलाईन, अँटिबायोटिकचं इंजेक्शन लगेच, लघवीची नळी. शॉक असला तर अँटिबायोटिक तासाच्या आत गेलं पाहिजे असा नियम आहे आणि इथं ते आम्ही बाकड्यावर नीट टेकलो नव्हतो तेव्हाच गेलं. सलाईनचा हिशोब वजनावर, किलोमागं ३० मिली, पहिल्या तीन तासांत. माई ५५ किलोच्या आसपास, म्हणजे दीड लिटरच्या वर. लघवी तासाला निदान २५-३० मिली तरी यावी अशी अपेक्षा, आली ती थोडीशी अन् चहाच्या रंगाची. बीपी ९० च्या वर सरकाले तयार नव्हतं. मॅडमनी तिथंच सरळ सांगितलं, "भाऊ, आता यांना आयसीयू लागते, पायातला पू सर्जननं काढावा लागते, आमच्याकडं ते नाही, मी १०८ बोलावली आहे, तिकडं फोन पण केला आहे." लपवाछपवी नाही, उद्या सकाळी बघू नाही. रेफर केलं म्हणून लोक चिडतात, पण योग्य वेळी रेफर करणं ही सेवाच आहे अन् तिची किंमत मला कळली.

१०८ बद्दल. २०१४ पासून आपल्या राज्यात ही गाडी आहे, सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मध्ये जास्तीची सामग्री. एक रुपया लागत नाही, आत डॉक्टर असतात. आमच्या गाडीतल्या डॉक्टरांनी रेफर चिठ्ठी हातात घेऊन मॅडमकडून तोंडी पण सगळं ऐकून घेतलं, कितीची सलाईन गेली, अँटिबायोटिक किती वाजता. रस्ता खड्ड्यांचा, तरी पूर्ण वेळ मॉनिटरवर नजर. पूर्ण ५ स्टार.

मेडिकल कॉलेजमध्ये रक्ताची कल्चर (कोणते जंतू आहेत ते पाहाची तपासणी), लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात साठणारं आम्ल), सगळं झालं. लॅक्टेट २ च्या खाली पाहिजे, तिचं ५ च्या वर. सलाईन भरपूर देऊनही बीपी टिकवाले नॉरअॅड्रेनॅलिन या बीपी वाढवणाऱ्या औषधाचा पंप लागला, आणि लॅक्टेटही चढलेलं, म्हणजे पक्का सेप्टिक शॉक. तिथले डॉक्टर म्हणाले अशा शॉकमध्ये गेलेल्या शंभरातले चाळीसच्या वर चांगल्या दवाखान्यातही वाचत नाहीत. पायाची दोन बोटं काढावी लागली. किडनी सावरली. माई घरी आली. आता जिना चढताना दमते, कधी कधी गोष्टी विसरते, सेप्सिसनंतर महिनोन्महिने असं राहू शकते म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण तूर सोंगायची मजुरी किती ठरली हे तिला पाठ आहे.

मशीन नसतानाही हे ओळखता येते ही काही नवीन गोष्ट नाही आपल्या विदर्भाला. गडचिरोलीत डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेनं ३९ गावांत गावच्याच बायांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायला शिकवलं, बाळ अंगावर पीत नाही, रडणं क्षीण झालं, अंग लुळं, थंड पडलं, आणि घरीच जेंटामायसिनची सुई द्यायला शिकवलं, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. मग मोठ्या माणसांचे श्वास मोजणं आपल्या आशाताईंना, बचत गटाच्या बायांना काहून शिकवू नये? घड्याळ तर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. पाहायचं एवढंच की पेशंटला न सांगता मोजा, अन् पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंदाचे चारनं गुणू नका, त्यात चूक होते.

एक स्टार कापला तो माणसांचा नाही, व्यवस्थेचा. त्या रात्री सिस्टर एकटीच, तिकडं एक डिलिव्हरी पण होती, दोन्हीकडं पळून राहिल्या होत्या. रात्री लॅब बंद. कल्चरच्या बाटल्या नाहीत, त्यामुळं अँटिबायोटिकच्या आधी रक्त घेता आलं नाही, अन् मॅडमनी त्यासाठी इंजेक्शन थांबवलं नाही ते बरोबरच केलं. बोटाच्या थेंबावर लॅक्टेट सांगणारं छोटं मशीन मिळते, ते अशा दवाखान्यांना द्यावं, रात्रीला दुसरी सिस्टर द्यावी. हे मी रुग्ण कल्याण समितीकडं लेखी दिलं आहे, तुम्ही पण द्या.

जाणार असाल तर रात्री मेन गेटला कुलूप असते, मागच्या रस्त्यानं ड्रेसिंग रूमच्या बाजूला गाडी न्या, स्ट्रेचर तिथंच असते. शुगर-बीपीच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी सोबत घ्या, अन् शेवटची लघवी कधी झाली हे घरच्यांना विचारून निघा, सिस्टर ते नक्की विचारतात.