जुन्या सिंथचे स्लायडर: स्प्रे, सफाई की नवे?

जुन्या सिंथच्या (सिंथेसायझरच्या) फिल्टरचा स्लायडर हळूहळू वर नेताना मध्येच एका जागी आवाज दचकतो. बोट थांबलं तरी कटऑफ, म्हणजे फिल्टर आवाज जिथून कापतो ती जागा, आपला नाचतच राहतो. रोलँडची १९८४ची ज्युनो-१०६ असो की १९८२ची एसएच-१०१, चाळिशी उलटलेल्या यंत्राला हे दुखणं जडणारच. त्यात मुंबईची धूळ आणि दमट हवा. गणपतीच्या सुपाऱ्या तोंडावर आल्या की 'स्प्रे मारू का रे?' असे फोन हमखास येतात. त्या फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगतो ते इथे एकदाच सांगून टाकतो.

आधी दोष स्लायडरचाच आहे ना, हे बघा. १०६ मध्ये सहा व्हॉइस, म्हणजे एकेक सूर काढणारे भाग, असतात आणि पट्ट्या दाबाल तसे ते पाळीपाळीने लागतात. स्लायडरला हात न लावता दर सहावा सूर खरखरत असेल किंवा गायबच होत असेल, तर तो बहुधा त्या व्हॉइसच्या ८००१७ए या चिपचा प्रताप. तिच्यावरचं इपॉक्सीचं आवरण वयानुसार बिघडतं. तिथे स्लायडर कितीही धुतले तरी उपयोग नाही. स्लायडरचा दोष पकडायला १०६ मध्ये एक झकास सोय आहे. मागचा मिडीचा (वाद्य कॉम्प्युटरशी बोलतं त्या जोडणीचा) स्विच तिसऱ्या स्थितीत ठेवून यंत्र कॉम्प्युटरला जोडलं, की स्लायडर हलवताना ० ते १२७ मधले आकडे येतात, आणि ते कोणत्या स्लायडरचे हेही कळतं. हात काढून घेतल्यावरही आकडे वाहत राहिले तर चोर सापडला. १०१ ला मिडी नाही, तिथे मल्टिमीटर आणि कान यांवरच भिस्त.

आता स्प्रे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, दहा-वीस वेळा वर-खाली, काम पंधरा मिनिटांत आटोपतं. नुसती धूळ असेल तर फरक लगेच जाणवतो. पण सुटलेली घाण जाते कुठे? आतल्या आतच, ट्रॅकच्या टोकांना जाऊन बसते आणि काही महिन्यांत परत येते. शिवाय आतलं ग्रीसही धुऊन निघतं, मग दांडी कोरडी आणि सैल लागते. म्हणून मारायचाच तर फेडरसाठीचा (फेडर म्हणजे असाच सरकता स्लायडर), थोडं वंगण मागे ठेवणारा स्प्रे घ्या. मी पहिल्यांदा घरात होता तोच, बिजागऱ्यांचा तेलकट स्प्रे मारला होता. दोन दिवस स्लायडर लोण्यासारखे फिरले. दिवाळीपर्यंत त्या तेलावर धूळ बसून आत चिखल झाला आणि सगळे स्लायडर उपसावे लागले. माझ्या मते उद्याच कार्यक्रम असेल तरच स्प्रे.

उपसून साफ करणं हे खरं काम, आणि मी बहुतेकांना हेच सांगतो. खर्च किरकोळ: आयसोप्रोपाइल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा सोल्डर सकर, फेडर ग्रीसची लहानशी ट्यूब. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत बहुतेक सगळं मिळतं. वेळ मात्र जातो. एका स्लायडरला अर्धा तास धरा आणि १०६ वर ते वीसेक आहेत. टोप्या सरळ वर ओढून काढायच्या, प्रत्येक स्लायडरची दिशा फोटोत टिपून ठेवायची. जुन्या बोर्डावर सोल्डरचा डाग सोडवताना सोल्डरिंग आयर्न रेंगाळली की तांब्याची पट्टीच उचलली जाते. पाय सुटत नसेल तर जोर लावू नका, थोडं नवं सोल्डर घालून मग ओढा.

स्लायडरचे पत्र्याचे कान उघडले की आत काळा कार्बनचा ट्रॅक, शेजारी धातूचा, आणि दोन्हींवर सरकणारी बारीक स्प्रिंगची बोटं दिसतात. जुनं ग्रीस काकवीसारखं झालेलं असतं. ते अल्कोहोलने पुसायचं, पण कार्बनवर घासाघीस नको. बोटं दबलेली असतील तर किंचित, अगदी केसभर उचलायची. नवं ग्रीस दांडी जिथे घासते त्या कडांना लावायचं, ट्रॅकवर नाही. पत्र्याचे ते कान दोन-तीनदा वाकवले की तुटतात, तेव्हा बंद करण्याआधीच मल्टिमीटर लावून बघा. दोन टोकांमधला रोध स्थिर हवा, आणि मधल्या पायाचा दांडीबरोबर सलग चढायला हवा. उडी दिसली तर पुन्हा पुसा. कार्बनच झिजून खालचा पुठ्ठा दिसत असेल तर ग्रीसही वाया घालवू नका, तो स्लायडर गेला.

असा गेलेला किंवा दांडी मोडलेला स्लायडर असेल तरच नवा घ्यावा. इथे यंत्रायंत्रात फरक पडतो. १०६ मध्ये स्लायडर फक्त व्होल्टेज वाटून देतो आणि पुढे प्रोसेसर त्याचा आकडा करतो, त्यामुळे एकूण रोध थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं. १०१ मध्ये स्लायडर थेट सर्किटमध्येच बसलेला असतो. तिथे सर्व्हिस मॅन्युअलमधलीच किंमत आणि तोच लॉग किंवा लिनियर (रोध वाढत्या वेगाने चढणारा किंवा सारखा चढणारा) प्रकार हवा, नाहीतर अटॅक-डिकेचा, म्हणजे सूर चढण्या-उतरण्याच्या वेळेचा, अंदाजच बिघडतो. मिक्सरचे फेडर लॅमिंग्टन रोडवर भरपूर आहेत, पण पायांचं अंतर, दांडीची उंची आणि धाव (ती किती लांब सरकते ते) तिन्ही जुळणं कठीण. जुना नग खिशात घालूनच जा. परदेशातून मागवायचे तर नग स्वस्त, टपाल आणि ड्युटी महाग. दोन नगांसाठी परवडत नाही, तोच दोष असलेले तिघे-चौघे मिळून मागवा. शिवाय नव्यांचा हात वेगळाच लागतो. सगळे स्लायडर सरसकट बदलून टाकणं मला तरी पटत नाही.

हातात सोल्डरिंग नसेल तर कारागीर गाठा, पण आधीच विचारा, 'काढून साफ करणार की वरून मारणार?' वरूनच मारणार असेल तर ते तुम्हीही करू शकता. यंत्र जपानहून थेट आलेलं असेल तर ते १०० व्होल्टचं असतं. मशीनबरोबर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही द्या आणि वर मोठी चिठ्ठी चिकटवा. मशीन उघडणारच आहे तर १०६ ची मेमरीची सीआर२०३२ बॅटरीही त्याच खेपेत बदलून घ्या. ती बोर्डाला सोल्डर केलेली असते आणि निघाली की साठवलेले आवाज जातात, म्हणून आधी ते टेप जॅकमधून रेकॉर्ड करून ठेवायचे.

माझ्या १०६ वर आता रेझोनन्सचा एकच स्लायडर नवा आहे. टोपी त्यावर जरा सैल बसत होती. आत टेफ्लॉन टेपचा एक वेढा दिला, भागलं.