स्विफ्टला टर्बो बसवायचा की टर्बोवालीच घ्यायची? नागपूरकरांसाठी तुलना

हातात चार वर्षं जुनी स्विफ्ट आहे. १.२ लिटरचं इंजिन ठणठणीत, कर्जाचे हप्ते फिटलेले. समृद्धीवर मित्राची टर्बोवाली गाडी पाचव्या गिअरमध्येच पुढे निघून जाते आणि आपल्याला तिसरा टाकावा लागतो. मग कुणीतरी सांगतं, "भाऊ, याच इंजिनाले किट बसते ना!" त्या दिवसापासून डोक्यात तीन वाटा फिरू लागतात. आहे त्या गाडीला टर्बो बसवायचा, ती विकून कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली गाडी घ्यायची, की टर्बोचा नाद सोडून आहे त्याच इंजिनाला थोडी धार लावायची?

पुण्या-बंगळुरूत बसून कोणी ही तुलना केली तर ती पैशांवर आणि पीएसवर (इंजिनाच्या ताकदीच्या आकड्यावर) होईल. नागपुरात ती आधी हवेच्या तापमानावर करावी लागते. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: घरात एकच गाडी असेल तर किटच्या वाटेला जाऊ नका. दुसरी गाडी असेल आणि हात काळे करून घ्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही या इंजिनाला नको.

आधी हवेचा हिशेब

टर्बोचं काम समजायला सोपं आहे. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. अडचण एवढीच की हवा दाबली की ती तापते.

किती तापते, ते आकड्यांत बघा. किटवाले "सेफ बूस्ट" (टर्बोने वाढवलेला सुरक्षित दाब) म्हणून साधारण ०.५ बार, म्हणजे ७ पीएसआय सांगतात. बाहेरची हवा २५ अंशांची असेल आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर त्यातून बाहेर पडणारी हवा ७७-७८ अंशांची असते. हाच हिशेब ४५ अंशांवर मांडला की आकडा शंभरावर जातो. चांगला इंटरकूलर, म्हणजे ही दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर, ती ६०-६५ अंशांपर्यंत खाली आणेल, पण बाहेरच्या ४५ च्या खाली काही तो आणू शकत नाही. शिवाय हे झालं धावत्या गाडीचं. वर्धा रोडवर दुपारी दोन वाजता सिग्नलला उभं राहिलात की बॉनेटखालची हवा ६० अंशांची होते, आणि एअर फिल्टर तिथूनच हवा ओढत असेल तर सगळंच गणित वर सरकतं.

गरम हवेने ताकद कमी होते, हे त्यातलं कमी धोक्याचं. खरा धोका नॉकिंगचा. स्पार्क पडून ज्योत पसरत असतानाच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटतं आणि पिस्टनवर घणाचे घाव बसल्यासारखा दाब येतो. साध्या ओतीव (कास्ट) पिस्टनच्या दोन रिंगांमधली पट्टी त्यात तुटते. इंजिनाची सेटिंग करणारा ट्यूनर म्हणून काय करतो, तर स्पार्क उशिरा पाडतो. ढोबळ नियम असा की प्रत्येक पीएसआयमागे सुमारे एक अंश. नॉकिंग थांबतं, पण विकत घेतलेल्या ताकदीचा एक भाग तिथेच परत जातो.

आता स्विफ्टचं ते इंजिन बघा. ड्युअलजेट के-१२-एनचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, १२:१ आहे. मायलेजसाठी मुद्दाम एवढा चढवलेला. त्याच मारुतीने स्वतः टर्बो बसवून एक लिटरचं बूस्टरजेट केलं तेव्हा रेशो १०:१ ठेवला. कंपनी ज्या कारणासाठी दोन पायऱ्या खाली उतरली, तेच कारण किटवाला "मॅपिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये, सांभाळू" म्हणून उडवून लावतो.

हे सांभाळण्याचा प्रयत्न अमेरिकेत एका कंपनीने करून पाहिला आहे. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो घेऊन शोरूममध्ये आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी. साडेतीन लिटरचं व्ही-एट, रेशो १०.२५:१ तसाच ठेवलेला. नॉकिंग रोखण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि मेथॅनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात फवारायचं, अशी सोय. टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट कमी करायची. मालक टाकी भरायला विसरायचे आणि मग गाडी ओढत नाही म्हणून डीलरकडे यायचे. १९६३ नंतर ती गाडी बंद झाली आणि पुष्कळ गाड्यांचे टर्बो डीलरकडेच काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. आजही वॉटर-मेथॅनॉलचं किट मिळतं. आपल्या घरात वायपरचं पाणी किती वेळा संपलेलं असतं, तेवढं आठवा.

नागपूरचा आणखी एक त्रास आहे, तो हिवाळ्यात कळतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंश असतात आणि मे महिन्याच्या दुपारी ४५. त्याच दाबाला पहाटेच्या हवेत सुमारे १२ टक्के जास्त ऑक्सिजन मावतो. म्हणजे उन्हाळ्यात बरोबर असलेलं इंधन थंडीत कमी पडू शकतं आणि थंडीत बरोबर असलेला स्पार्क उन्हाळ्यात घातक ठरू शकतो. ईसीयूमध्ये, म्हणजे त्या कॉम्प्युटरमध्ये, हवेच्या तापमानाप्रमाणे दुरुस्ती करणारे तक्ते असतात, पण ते ट्यूनरने भरले असतील तरच उपयोग. पुण्यात डिसेंबरात दोन दिवस गाडी ठेवून मॅपिंग केलं असेल तर ४५ अंशांचा रकाना त्याने अंदाजाने भरलाय.

किट म्हणजे नुसता टर्बो नव्हे

"दीड लाखात होते" असं कोटेशन कोणी दिलं तर त्यात काय धरलेलं नाही ते विचारा. मूळ गाडीचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, तो बदलावा लागतो. इंजेक्टर मोठे लागतात आणि बहुधा फ्युएल पंपही. इथे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा मुद्दा येतो: शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, म्हणून ई-२० मध्ये तेवढ्याच हवेसाठी जवळपास ८ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. इथेनॉल नॉकिंगला चांगलं तोंड देतं हा त्याचा फायदा, पण तो पदरात पडायला इंजेक्टरमध्ये तेवढी जागा हवी. क्लच ११३ न्यूटन-मीटर टॉर्कसाठी, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोरासाठी, बनलेला आहे, तो घसरणार.

टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ते तेल परत इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये निव्वळ उतारानेच पडलं पाहिजे, म्हणून चेंबरला तेलाच्या पातळीच्या वर भोक पाडून पाईप जोडावा लागतो. तो पाईप जरा आडवा गेला की सील गळतो आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. "टर्बो गेला" म्हणून येणाऱ्या तक्रारींत नव्या टर्बोइतकाच हा पाईपही तपासावा.

भंगारातून डिझेल गाडीचा टर्बो स्वस्तात मिळतो, हा मोह वाडीकडे ट्रकची कामं करणाऱ्यांकडून ऐकू येईल. त्यांचा हात टर्बोवर बसलेला आहे यात शंका नाही, पण डिझेलचा एक्झॉस्ट बराच थंड असतो. पेट्रोलचा पूर्ण जोरात ९०० अंशांच्या पुढे जातो. डिझेलच्या व्हीजीटी टर्बोतल्या हलत्या पात्यांना ते झेपत नाही. पेट्रोल गाडीत अशी पाती टिकवायला पोर्शेला २००६ च्या ९११ टर्बोत खास मिश्रधातू वापरावे लागले.

आणि एसी! ही गोष्ट कोणी सांगत नाही. पुढच्या बंपरमागे इंटरकूलर बसतो तो एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या तोंडासमोर. गरम झालेली हवाच मागे जाते. पुण्यात ते चालून जाईल. इथे मे महिन्यात मागच्या सीटवर आई-बाबा बसलेले असताना एसी हवा फेकतोय पण गार करत नाहीये, अशी वेळ आली की घरात त्या टर्बोची बाजू घेणारं कोणी उरत नाही.

इतकं करून मिळतं किती? ९० पीएसचे ०.४ बारवर कागदी हिशेबाने १२५ होतात. उष्णता आणि मागे ओढलेला स्पार्क वजा केला तर उन्हाळ्यात ११० च्या आसपास मिळाले तरी मी ट्यूनरला चांगला म्हणेन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतली माहिती विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एमएच ३१ असो की ४९, नियम तोच. पीयूसी निघते म्हणून गाडी कायदेशीर ठरत नाही. दंडापेक्षा मला विम्याची काळजी जास्त वाटते. अपघातानंतर सर्व्हेअरने बॉनेट उघडलं आणि न कळवलेला टर्बो दिसला, तर क्लेम अडवायला त्याला दुसरं कारण शोधावं लागणार नाही.

छोट्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) इंजिनाला चिकटूनच असतो आणि टर्बो नेमकी तीच जागा मागतो. "काढून टाकू, कोण बघते" हे उत्तर देणाऱ्या गॅरेजमधून सरळ बाहेर पडा.

कंपनीतून आलेला टर्बो

तुलना करायला मारुतीचीच फ्रॉन्क्स उत्तम, कारण एकाच गाडीत दोन्ही इंजिनं आली. १.२ लिटर साधं: ९० पीएस, ११३ न्यूटन-मीटर, तेही ४,४०० आरपीएमला. एक लिटर टर्बो: १०० पीएस, १४८ न्यूटन-मीटर, २,००० पासूनच. पीएसमध्ये फरक दहाचा, म्हणून शोरूममध्ये लोक नाक मुरडतात. पण सावनेरवरून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटात ट्रकमागे अडकलात की कामाला येतं ते दोन हजार आरपीएमचं टॉर्क. समृद्धीवर मात्र कारची मर्यादा १२० आहे, ती साधी स्विफ्टही गाठते. निव्वळ समृद्धीसाठी टर्बो हवा असेल तर पैसे वाचवा.

आणखी जोर हवा असेल तर ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनचं एक लिटर टर्बो १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर देतं. म्हणजे किटवर एवढा खर्च करून उन्हाळ्यात जिथे पोचायचं, त्याच्या पुढे ही गाडी वॉरंटीसकट सुरुवात करते. कूलिंग, इंजेक्टर, क्लच, गिअरबॉक्स सगळं त्या टॉर्कसाठीच आखलेलं. वॉरंटी संपल्यावर नुसत्या रीमॅपने अशा इंजिनात २० ते ३० टक्के टॉर्क वाढतं. अर्थात ४५ अंशांवर तेवढं मिळणार नाही, आणि कायद्याचा व विम्याचा प्रश्न तिथेही पाठ सोडत नाही.

जुनी टर्बो गाडी घेणार असाल तर सर्व्हिसच्या पावत्या बघा. ऑइल वेळेवर बदललेलं नसेल तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी नको. गाडी थंड असताना सुरू करून धूर बघा, इंटरकूलरच्या पाईपात तेल साचलंय का बघा. घेतल्यावर एक सवय लावा: समृद्धीवरून एका दमात आल्यावर पंपावर शिरताच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. तापलेल्या टर्बोत थांबलेलं तेल जळून कोळसा होतं.

टर्बोविना

फार अपेक्षा नको. साध्या इंजिनाचा रीमॅप पाच-आठ टक्के देतो, थ्रॉटल चपळ वाटतो, बस्स. मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट ताकद देत नाही, सिव्हिल लाइन्सच्या सिग्नलवर पोलिसांचं लक्ष तेवढं देतो. त्यापेक्षा चांगले टायर आणि नवे ब्रेक पॅड टाका. या वाटेचं मोठेपण खर्चात: पैसे बँकेत राहतात आणि दोन वर्षांनी टर्बो गाडीचं डाउन पेमेंट होतं.

तरीही किटच हवं असेल

हौसेला मोल नाही, हे मलाही कळतं. मग गाडी दुसरी हवी, रोजची नको. इंजिन जुन्या धाटणीचं, पोर्ट इंजेक्शनचं (इंधन सिलिंडरच्या बाहेरच, हवेच्या वाटेत फवारणारं) आणि रेशो दहाच्या आसपास असलेलं घ्या. जुनी होंडा सिटी १.५ लोक त्यासाठीच शोधतात. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले नाहीत तर तिथेच थांबा. बूस्ट ०.३ ते ०.४ बारच्या वर नेऊ नका. वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) आणि पाण्याने थंड होणारा टर्बो यावर काटकसर नको. गाडी ट्रॅकसाठी किंवा खासगी आवारासाठीच ठेवा, रस्त्यासाठी नको.

ट्यूनरशी पैशांचं बोलताना एक अट आधीच घाला: शेवटचा हप्ता मे महिन्यात. भर दुपारी, एसी चालू ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर घेतलेला लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) त्याने दाखवायचा. त्यात आत जाणाऱ्या हवेचं तापमान, नॉक सेन्सरने मागे ओढलेला स्पार्क आणि हवा-इंधनाचं प्रमाण, हे तीन रकाने हवेत. बूस्टमध्ये प्रमाण साडेअकरा ते बाराच्या दरम्यान असावं आणि स्पार्क वारंवार मागे जात नसावा. या अटीला जो ट्यूनर "डिसेंबरातच करून घेऊ, काही फरक पडत नाही" म्हणेल, त्याला ॲडव्हान्स देऊ नका.