कमरेचा एमआरआय, राजारामपुरी, कोल्हापूर: पाचपैकी चार तारे

आधी गाऱ्हाणं. साडेनऊची वेळ दिलेली, आत घेतलं पावणेअकराला. गाडी लावायला जागा नाही, दोन गल्ल्या सोडून लावली आणि तसल्या कमरेनं चालत आलो. एक तारा त्याचा कापला.

बाकी चार तारे आतल्या टेक्निशियन बाईंचे. मी शिरोली एमआयडीसीत बावीस वर्षं इंडक्शन भट्टीवर आहे. भोवतीच्या कॉइलला, म्हणजे करंट सोडलेल्या वेटोळ्याला, न टेकताच आतलं लोखंड कसं वितळतं ते रोज बघतो. पण आपण स्वतः कॉइलच्या आत झोपतोय, हे पहिल्या एमआरआयच्या वेळी डोक्यातच आलं नव्हतं. ते दुसरीकडे केलेलं, चार वर्षांपूर्वी. तिथं बोटं एकमेकांत गुंतवून, पोटावर हात ठेवून निवांत पडलो, कोणी काही बोललं नाही. दोन्ही अंगठे जिथं टेकले होते तिथं चुरचुरायला लागलं आणि संध्याकाळी मसुराएवढा फोड आला. फोन केला तर म्हणे, "आत एसी असतो, भाजणार कसं?"

यंदा झोपल्या झोपल्या पहिलं वाक्य ऐकलं, "काका, हात जुळवायचे नाहीत." दोन्ही हात अंगापासून सुटे, मध्ये फोमच्या गाद्या, मांड्यांच्या मधेही एक. का, विचारलं तर नीट सांगितलं. हात जुळले की खांद्यापासून बोटांपर्यंत एक वेटोळं तयार होतं, त्यातून करंट फिरतो आणि जिथं कातडी जेमतेम टेकलेली असते तिथं सगळी उष्णता गोळा होते. म्हणजे लूज कॉन्टॅक्ट! हे उद्यमनगरात कुठल्याही वायरमनला कळेल. आमची भट्टी ५०० हर्ट्झवर चालते, हे १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन जवळजवळ ६ कोटी ४० लाख हर्ट्झवर. क्ष-किरण नाहीत, पण रेडिओ लहरींनी अंग तापतं ते तापतंच.

वजन विचारलं तेव्हा मी ८५ सांगितलं. बाईंनी न बोलता काट्याकडे बोट दाखवलं. ९२ भरलं. अंगात किती उष्णता जाते याचा मशीन किलोमागे वॅटमध्ये हिशेब ठेवतं, म्हणून खोटं चालत नाही. नेहमीच्या तपासणीत सगळ्या अंगाची सरासरी किलोला २ वॅटच्या वर जाऊ देत नाहीत. नंतर मी खोदून विचारलं तेव्हा माझा आकडा दाखवला: १.४. म्हणजे साधारण १२९ वॅट, जुने साठचे दोन बल्ब अंगात लावल्यासारखे. रक्त ती उष्णता फिरवतं, घाम काढतो, वरून पंख्याचा वारा असतो. म्हणूनच खोली गार ठेवतात आणि जाड पांघरूण मागितलं तरी देत नाहीत. मला पातळ चादर मिळाली, सुरुवातीला कुडकुडलो, शेवटी पाठ चांगली कोमट झाली होती.

कपडे स्वतःचे चालत नाहीत, सुती गाऊन घालावा लागतो. माझ्या आधीच्या मावशी जरीकाठाच्या साडीत आल्या होत्या, जरीत धातू असतो म्हणून त्यांनाही बदलायला लावली. कुरकुरत होत्या बिचाऱ्या, पण बरोबर केलं. हल्ली खेळाच्या बनियनमध्येही चांदीचे धागे असतात म्हणे, तेही नको. मला वर आणखी विचारलं, ग्राइंडिंग केलंय का कधी? हो म्हटल्यावर आधी डोळ्यांचा एक्स-रे, लोखंडाचा कीस अडकलेला नाही ना बघायला. त्यातही वीस मिनिटं गेली, पण त्याचा तारा कापत नाही.

नव्या ३ टेस्लावर जाऊ का, असं पुतण्या विचारत होता. तिथं फ्रिक्वेन्सी दुप्पट, त्याच तऱ्हेचा स्कॅन केला तर उष्णता जवळपास चौपट, मग मशीनलाच दमानं घ्यावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं तर जा, नुसता आकडा मोठा म्हणून नको.

हातात रबरी फुगा देतात, काही झालं तर दाबायचा. पाठ कोमट लागायला लागली तसा मी एकदा दाबून बघितला, जुन्या फोडाच्या भीतीनं. मशीन थांबलं आणि लगेच कानात आवाज, "बोला काका."