जुनी फॅमिली सेडान : पेट्रोल घ्यावी की डिझेल?

दहा-बारा वर्षं वापरलेली सेडान घ्यायची ठरली की घरात कंपनी आणि मॉडेलवरून वाद सुरू होतो. माझ्या मते खरा फाटा त्याआधीच फुटतो, इंजिन कुठलं हवं इथे. मी दोन्ही वापरल्यात. आधी टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) असलेली डिझेल होती, आता साधी, बिनटर्बोची पेट्रोल आहे. मायलेज, पिकअप, डिकी ही तुलना तुमची करून झालेली असणार, ती पुन्हा करत नाही. म्हातारपणी गाडी बिनबोभाट चालते का आणि बिघडलीच तर काय बिघडलंय ते सापडतं का, एवढंच बोलतो.

डिझेलवाले पहिल्या झटक्यात सांगतात, इंजिन मरत नाही. त्यात तथ्य आहे. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची 1976 ची मर्सिडीज 240डी तब्बल 46 लाख किलोमीटर चालली आणि 2004 मध्ये कंपनीच्या संग्रहालयात जाऊन बसली. वाटेत इंजिनं बदलावी लागली, पण गाडी तीच. फक्त हे लक्षात घ्या की त्या इंजिनाला टर्बो नव्हता, कम्प्युटर नव्हता आणि डिझेल ढकलणारा पंप पूर्णपणे यांत्रिक होता. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 बरोबर कॉमन रेल इंजेक्शन, म्हणजे एका सामाईक नळीतून प्रचंड दाबाने डिझेल फवारणं, प्रवासी गाड्यांत आलं आणि डिझेलची जातच बदलली. आवाज कमी झाला, दम वाढला. त्यासाठी सुरुवातीला 1,350 बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब) आणि पुढे 1,600 बारच्या वर दाब लागू लागला. साध्या पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, इंधन फवारायला तीन-चार बार पुरतात. इतक्या दाबाखाली काम करणाऱ्या इंजेक्टरला टाकीतलं थोडंसं पाणी किंवा बारीक कचराही सोसत नाही. ‘डिझेल म्हणजे दणकट’ हे नाव आजोबांनी कमावलं आणि नातवाला आयतं मिळालं, असं मला वाटतं.

ब्लॉक, क्रँक, पिस्टन आजही भक्कम असतात, त्याबद्दल तक्रार नाही. दुखणी येतात ती इंजिनाच्या भोवती लटकवलेल्या सामानाची.

माझा निर्णय ज्या एका त्रासाने झाला तो असा. चढावर ट्रकच्या मागे आहात, समोर रस्ता मोकळा दिसतो, तुम्ही गिअर उतरवून पाय दाबता आणि गाडीचा दमच जातो. इंजिन चालू असतं पण वेग धरत नाही, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. कडेला घेऊन चावी बंद केली, पुन्हा सेल्फ मारला की गाडी शहाण्यासारखी पळायला लागते. याला लिंप मोड म्हणतात. टर्बोकडून जितका दाब मागितला तितका मिळाला नाही की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कम्प्युटर, इंजिन वाचवण्यासाठी ताकद छाटून टाकतो. गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर बहुतेक वेळा पी 0299 हा कोड येतो, म्हणजे ‘बूस्ट (टर्बोचा दाब) कमी’. पण तो का कमी, हे कोड सांगत नाही. टर्बोच्या आतल्या हलत्या पात्या काजळीने अडकल्या असतील, इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप कुठे फाटला असेल, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) उघडा राहिला असेल, व्हॅक्यूमचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) गेला असेल किंवा नुसता सेन्सर खोटं बोलत असेल. कोड तोच.

गंमत म्हणजे मिस्त्री शेजारी बसला की गाडी असलं काही करायचीच नाही. तो म्हणायचा, “साहेब, ट्रायल मारली, एकदम ओके आहे.” मग अंदाजाने एक पार्ट बदलायचा. काही आठवडे बरे जायचे, आपल्याला वाटायचं सापडलं, आणि एखाद्या चढावर पुन्हा तेच. ईजीआर साफ झाला, सेन्सर बदलला, टर्बो उतरवायची भाषा सुरू झाली. शेवटी निघालं काय, तर बोटाएवढा जाड नसलेला एक रबरी व्हॅक्यूम पाइप. इंजिन पुरतं तापलं की त्याची चीर उघडायची, थंड झालं की मिटायची. पार्ट किरकोळ होता. शोधण्यातच दमछाक झाली.

या सगळ्या काळात गाडी रस्त्यात बंद अशी एकदाही पडली नाही. कुणी ‘गाडी भरवशाची आहे का’ विचारलं असतं तर कागदावर मला ‘हो’ म्हणावं लागलं असतं. पण घरच्यांनी ती चालवायची सोडली होती, आणि मी ओव्हरटेक करणं. वडील मागून म्हणायचे, “राहू दे रे, जाऊ दे त्याला पुढे.” भरवसा नावाची गोष्ट तिथेच संपते. प्रत्येक डिझेलमध्ये हे होतं असं अजिबात म्हणत नाही. काहींच्या गाड्या अडीच-तीन लाख किलोमीटर अशा तक्रारीशिवाय गेलेल्या मी पाहिल्यात.

पेट्रोलही आजारी पडते. माझ्या आताच्या गाडीत इग्निशन कॉइल (सिलिंडरमधल्या ठिणगीला वीज पुरवणारं, प्रत्येक सिलिंडरला एक) गेलं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग झिरपायला लागलं, इंजिनाचं एक माउंटिंग बसलं, थ्रॉटल बॉडी घाण झाल्याने सिग्नलवर आरपीएम वरखाली व्हायचा. पण यातला प्रत्येक आजार एका जागी बसून राहिला, दुरुस्त करेपर्यंत हलला नाही. कॉइलचंच घ्या. इंजिन थरथरतं, स्कॅनर म्हणतो पी 0302, म्हणजे दुसरा सिलिंडर मिस करतोय. दुसऱ्याचं कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी 0303 झाला की गुन्हेगार हातात सापडला. हे काम गाडी लावल्या जागी होतं, कुणाच्या अनुभवावर विसंबायची गरज पडत नाही.

पेट्रोल म्हणजे धुतल्या तांदळाची असंही नाही. सगळ्यात मोठी भीती ऑइल खाण्याची. 2007 ते 2009 च्या कॅमरीतलं 2.4 लिटरचं इंजिन फार ऑइल पितं म्हणून टोयोटाला अमेरिकेत पिस्टन आणि रिंगा बदलून देण्याची खास योजना काढावी लागली होती. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) स्वतः ओढून बघा. आणखी एक, मी पेट्रोल म्हणतो तेव्हा साधी पेट्रोल म्हणतो. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनवाली पेट्रोल जुनी झाली की डिझेलचीच अर्धी दुखणी घेऊन येते. शिवाय तिच्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यांच्यावर कार्बन चढत राहतो.

डिझेलच्या बाकीच्या दोन गोष्टी उरकतो. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं, धक्के शोषणारं दुहेरी चाक) असेल तर क्लचचं काम साध्या क्लचपुरतं राहत नाही. इंजिन बंद करताना खालून खडखडाट आला तर समजून जा. दुसरं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. युरोपात 2011 पासूनच्या जवळपास सगळ्या नव्या डिझेल गाड्यांत तो आहे, भारतात एप्रिल 2020 च्या बीएस 6 या प्रदूषण नियमांबरोबर आला. आतली काजळी जाळायला साधारण 600 अंश उष्णता आणि सलग काही मिनिटांचा वेग लागतो. शाळा, बाजार, ऑफिस अशा तुकड्यातुकड्यांच्या फेऱ्यांत ते जळणं अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खुश होऊ नका.

काही मॉडेलांची दुखणी जगजाहीर असतात, ती आधी वाचून ठेवा. बीएमडब्ल्यूच्या एन47 डिझेलची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि ती तुटल्याच्या तक्रारी गाजल्या. तिथे हात घालायचा तर मोठी खोलाखोल करावी लागते.

वय मात्र दोघींनाही सारखंच लागतं. रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्या ठिसूळ होतात, होज कडक होतात, टायमिंग बेल्ट किलोमीटर कमी असले तरी वर्षांनी म्हातारा होतो. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आणि ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल (सदोष माल परत बोलावणं) विसरू नका. एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख ताकाता एअरबॅग परत बोलावल्या गेल्या, कारण उष्ण दमट हवेत आतला अमोनियम नायट्रेट बिघडतो आणि फुगवणारी नळीच फुटून धातूचे तुकडे उडू शकतात. चासी नंबर टाकून तपासा, रिकॉलमध्ये असेल तर फुकट बदलून मिळते.

माझे मेहुणे हे वाचून हसतील. त्यांची जुनी डिझेल सेडान रोज हायवेवर लांब पल्ला मारते, सर्व्हिस वेळेवर होते, डिझेल फिल्टर ते न चुकता बदलतात, आणि त्यांना यातलं काही भोगावं लागलेलं नाही. तुमचं चालवणं तसं असेल आणि गाडीची सगळी बिलं हातात मिळत असतील, तर मी आडवा येणार नाही. पण गाडी मुख्यतः गावातल्या गावात फिरणार असेल, घरात दोघं-तिघं ती चालवणार असतील आणि जवळ भरवशाचा डिझेल मिस्त्री नसेल, तर मी पेट्रोलच सुचवेन.

डिझेलच पसंत पडली असेल तर ट्रायल अशी घ्या. गाडी पुरती तापू द्या, चार माणसं बसवा, मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पाय पूर्ण दाबून धरा. खाली आल्यावर स्कॅनर लावा. आधी पेंडिंग कोड बघा, म्हणजे दिवा लागण्याआधीच नोंदले गेलेले. नंतर ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर’ हा आकडा बघा, बहुतेक गाड्यांत तो मिळतो. विकणाऱ्याने कालच बॅटरी बदलली असेल तर तो लहान असू शकतो, तेवढी शंकेला जागा द्यावी. बॅटरीही जुनीच असेल आणि आकडा गॅरेजपासून तुमच्यापर्यंतच्या अंतराएवढा निघाला, तर मी तरी चावी परत देऊन यादीतली पुढची पेट्रोल बघायला निघेन.